व्यायामाची मर्यादा : श्वासापासून घड्याळापर्यंत

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या माघ महिन्यांतली गोष्ट आहे. अंबाझरी तलावाच्या बाजूनें मी नित्याप्रमाणें सकाळीं फिरावयास गेलों होतों. थंडी बऱ्यापैकीं होती. समोरून एक बावीस वर्षांचा तरुण धांवत आला, माझ्यापाशीं थांबला, धापा टाकीत त्यानें मनगटावरील घड्याळाकडे पाहिलें आणि मला विचारलें, "गुरुजी, नाडी १७८ दाखवतें आहे. हें ठीक कीं धोक्याचें?" तो माझाच जुना विद्यार्थी. माझ्याहि मनगटावर मुलीनें भेट दिलेलें तसेंच घड्याळ होतें; परंतु त्याच्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. मी कांहीं वैद्य नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना शिकवीत आलेला एक शिक्षक. मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, "एकदम बसूं नकोस, माझ्याबरोबर सावकाश चाल."

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागें लागला. व्यायाम करतांना छाती किती धडधडूं द्यावी? कोठें थांबावें? आणि हें ठरवावें कोणीं : शरीरानें, गुरूनें, कीं घड्याळानें? शोध घेतां घेतां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न आजकालचा नाहीं. त्याला दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास आहे आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वांटाहि लहान नाहीं. तोच इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

परंतु त्यापूर्वीं एक कबुली देणें माझें कर्तव्य आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी नवा नवा शिक्षक असतांना शाळेच्या वार्षिक शर्यतीची जबाबदारी माझ्याकडे होती. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दोष माझाच होता. चैत्राचें ऊन तापूं लागलें होतें. नववीतला एक मुलगा दोनच दिवसांपूर्वीं तापांतून उठला होता. अर्ध्या वाटेवर तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुरुजी, थांबूं का?" मीं त्याला म्हटलें, "मर्द असशील तर पुरी करशील." शर्यत संपण्यास दोनशें पावलें उरलीं असतां तो कोसळला. लोकांनीं त्याला सावलींत नेलें, अंगावर पाणी ओतलें, दवाखान्यांत पोंचविलें. तीन दिवसांनीं तो घरीं परतला, ही परमेश्वराची कृपा. त्या तीन रात्रीं मला झोंप आली नाहीं. म्हणून आजचा विषय माझ्या दृष्टीनें केवळ माहितीचा नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. आपल्या प्राचीन वैद्यांनीं व्यायामाची स्तुति मुक्तकंठानें केली आहे. परंतु त्या स्तुतीच्या शेजारींच त्यांनीं मर्यादाहि घालून दिली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत असें सांगितलें आहे कीं, मनुष्यानें आपल्या बळाच्या अर्ध्याइतकाच व्यायाम करावा. त्यापलीकडे गेल्यास तो घातक ठरतो. अर्धें बळ म्हणजे किती, हें ओळखण्याची खूणहि तेथेंच दिली आहे. हृदयाच्या ठायीं असलेला वायु जेव्हां मुखावाटे येऊं लागतो, म्हणजे आपल्या भाषेंत तोंडानें श्वास घ्यावा लागतो, तेव्हां अर्धें बळ खर्च झालें असें समजावें. या खुणेची थोरवी अशी कीं, ती प्रत्येकाच्या जवळ आहे. तिला ना तराजू लागतो, ना घटिकापात्र. मल्लाचें अर्धें बळ वेगळें आणि कारकुनाचें अर्धें बळ वेगळें; पण खूण दोघांचीहि एकच.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत हाच विचार पुढें नेला. बलवान् आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या मनुष्यानेंहि शीतकाळीं व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असें तो सांगतो. बालकांनीं, वृद्धांनीं आणि अजीर्ण झालेल्यांनीं तो टाळावा, असाहि त्याचा उपदेश आहे. अतिव्यायामानें होणाऱ्या विकारांची जी यादी त्यानें दिली आहे तींत तहान, क्षय, दमा, रक्तपित्त, थकवा, खोकला, ज्वर आणि वांती यांचा समावेश आहे. अतिसाहस करणारा मनुष्य हत्तीला ओढूं पाहणाऱ्या सिंहाप्रमाणें नाश पावतो, हा त्याचा दृष्टान्त तर प्रसिद्धच आहे. सिंह दुर्बळ नसतो. त्याला घात होतो तो स्वतःच्या बळाचें माप न कळल्यामुळें. मीं ज्या मुलाला दटावलें तो बालक होता, तापांतून उठलेला होता आणि ऋतु उन्हाचा होता. वाग्भटाचे तीन नियम मीं एका वाक्यांत मोडले होते!

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्याकडे नाडीपरीक्षेचें शास्त्र होतें. शार्ङ्गधरसंहितेंत तिचें वर्णन आलें आहे. परंतु त्या परीक्षेंत भर होता नाडीच्या चालीवर. नाडी सर्पासारखी चालते, बेडकासारखी उसळते, कीं हंसासारखी मंद जाते, हें वैद्य बोटांनीं ओळखीत. व्यायामाची मर्यादा मात्र श्वासावरून ठरविली जाई. नाडीची गणना आणि व्यायाम यांची गांठ पडण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

मध्यंतरींच्या काळांत ही विद्या ग्रंथांतून आखाड्यांत उतरली आणि तेथें तिला निराळें वळण लागलें. आखाड्यांत जोर-बैठकांची गणना सुरू झाली. अमका पांचशें जोर मारतो, तमका हजार बैठका काढतो, ही प्रतिष्ठेची भाषा झाली. आणि अर्ध्या बळाचा नियम पोथींत राहिला. तथापि अनुभवी वस्तादांना शरीराची जाण होती. कुस्ती सुटतांच ते चेल्याला खालीं बसूं देत नसत. आखाड्यांत फिरवीत, अंग चोळीत आणि श्वास खालीं बसल्यावरच पाण्याला हात लावूं देत. यांतल्या फिरविण्याचें कारण आज शरीरशास्त्र सांगतें. जोरदार श्रमाच्या वेळीं पायांच्या स्नायूंत पुष्कळ रक्त उतरलेलें असतें आणि त्या स्नायूंच्या हालचालीनेंच तें वर हृदयाकडे ढकललें जातें. मनुष्य एकदम थांबला तर तें रक्त खालींच साचतें, मेंदूला कमी पडतें आणि भोवळ येते. वस्तादाला हें कारण ठाऊक नव्हतें. नियम मात्र ठाऊक होता.

इकडे युरोपांत नाडी मोजण्याचे प्रयत्न चालले होते. पादुआ येथील वैद्य सांतोरिओ यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं लंबकाच्या साह्यानें नाडीची गति मापण्याचें साधन केलें. १६२८ सालीं विल्यम हार्वे यानें रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला आणि हृदय हा एक पंप आहे, ही कल्पना रूढ होऊं लागली. १७०७ सालीं जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरानें बरोबर एक मिनिट चालणारें घड्याळ बनवून घेऊन नाडीचे ठोके मोजण्याचा पुरस्कार केला. बोटांना जी चाल कळत असे तिची आतां संख्या झाली. परंतु ही संख्या रोग्याच्या खाटेपाशींच राहिली. धांवणाऱ्याच्या मनगटापर्यंत ती पोंचली नाहीं.

ती न पोंचल्याचें मोल कधीं कधीं फार जबर पडलें. १९१२ सालीं स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन शर्यत कडक उन्हांत झाली. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा धांवपटु त्या शर्यतींत कोसळला आणि दुसऱ्या दिवशीं मरण पावला. ऊन लागूं नये म्हणून त्यानें अंगाला चरबी फासली होती व त्यामुळें घाम अडला, असें सांगतात. आधुनिक ऑलिंपिकच्या स्पर्धेंत प्राण गमावलेला तो पहिला खेळाडू होय.

त्यानंतर आठ वर्षांनीं त्याच शर्यतींत आपला महाराष्ट्र उतरला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील सामन्यांत खेड्यापाड्यांतून आलेले धांवपटु अनवाणी पायांनीं लांब पल्ल्याच्या शर्यती धांवत. शास्त्रीय शिक्षणाचा गंध नसतांना त्यांनीं दिलेला वेळ पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यांच्या खटपटीनें १९२० सालीं अँटवर्प येथें हिंदी खेळाडूंचें पथक गेलें. तेथील मॅरेथॉनमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं सुमारें २ तास ५० मिनिटांत शर्यत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करतां आली नाहीं. शाळेंत मी मुलांना चौगुल्यांचें नांव सांगत आलों. दातारांचें कधीं सांगितलें नाहीं. आतां वाटतें, तेंहि सांगावयास हवें होतें. अर्ध्या वाटेवर थांबलेला मनुष्य भित्राच असतो, असें मानण्याची जी संवय आपणांस लागली आहे, तिच्याच पोटीं माझ्या तोंडून तें वाक्य निघालें होतें.

या सुमारास महाराष्ट्रांत व्यायामाची एक मोठी लाट उठली होती. अमरावतीस १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. आपल्या विदर्भांतल्या या संस्थेनें आखाड्यांतली विद्या वर्गांत आणली, शिक्षक तयार केले आणि १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं आपलें पथक पाठवून देशी खेळांचीं व व्यायामांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांचें या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९२८ सालीं निघालें आणि १९३८ सालीं लंडनहूनहि त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूर्यनमस्काराची एक खुबी अशी कीं, त्यांत प्रत्येक अंगस्थितीला श्वास बांधून दिलेला असतो. श्वास चुकूं लागला, मंत्र तुटूं लागला, कीं वेग अधिक झाला हें करणाऱ्याला आपोआप कळतें. सुश्रुताची खूणच येथें दुसऱ्या रूपानें उभी आहे.

तिसरें नांव स्वामी कुवलयानंद यांचें. बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या हाताखालीं ते देशी व्यायाम शिकले आणि १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें त्रैमासिक सुरू झालें. आसनें करतांना रक्तदाबांत काय फरक पडतो, नौली करतांना पोटांतील दाब कसा बदलतो, हें त्यांनीं यंत्रें लावून मोजलें, क्ष-किरणांचीं चित्रें घेतलीं. परंपरेनें सांगितलें म्हणून मानूं नये आणि परकीयांनीं हंसलें म्हणून टाकूं नये. मोजून पाहावें, ही त्यांची वृत्ति. पोथी आणि यंत्र यांचा संवाद आपल्या भूमींत येथें सुरू झाला.

यानंतर नाडीची संख्या व्यायामशाळेंत शिरली. १९४३ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें एक चांचणी निघाली. वीस इंच उंचीच्या बांकावर मिनिटाला तीस वेळां याप्रमाणें पांच मिनिटें चढउतार करावयाची आणि नंतर स्वस्थ बसून नाडी किती लवकर खालीं येते तें मोजावयाचें. नाडी किती चढली याहून ती किती त्वरेनें उतरली, यावर या चांचणीचा भर होता. आणि तो विचार आजहि खरा मानला जातो.

१९५७ सालीं फिनलंडमध्यें कार्वोनेन व त्याचे सहकारी यांनीं मोजक्या विद्यार्थ्यांना चालत्या पट्ट्यावर धांववून कांहीं प्रयोग केले. त्यांतून जी रीत पुढें रूढ झाली ती अशी. स्वस्थ असतांना हृदयाचे जितके ठोके पडतात आणि पराकाष्ठेच्या श्रमांत जितके पडूं शकतात, या दोहोंमधील अंतर म्हणजे हृदयाची शिल्लक. व्यायामाचें माप या शिलकेच्या अंशांनीं करावें. पुढें १९७१ च्या सुमारास फॉक्स प्रभृति अमेरिकन संशोधकांनीं एक सोपा ठोकताळा मांडला कीं, २२० मधून वय वजा केलें म्हणजे पराकाष्ठेचा आंकडा येतो. हा ठोकताळा जगभर भिंतींवर लागला. वास्तविक तो कांहीं थोड्या अभ्यासांवरून ओढलेली एक सरळ रेषा होती. २००१ सालीं तानाका व त्याचे सहकारी यांनीं ३५१ अभ्यास एकत्र करून नवें सूत्र दिलें : वयाची सातदशांश संख्या २०८ मधून वजा करावी. परंतु तेंहि सरासरीचेंच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक असणें मुळींच नवलाचें नाहीं.

आतां थोडें गणित करूं. शिक्षकाची खोड जात नाहीं! माझें वय ६४. जुन्या सूत्रानें माझा कमाल आंकडा १५६, नव्यानें १६३. स्वस्थ असतांना माझी नाडी ७२. जुन्या सूत्रानें शिल्लक ८४. तिचें अर्धें ४२. तें ७२ मध्यें मिळविलें म्हणजे ११४. नव्या सूत्रानें हाच आंकडा ११७ च्या घरांत येतो. शिलकेच्या दोन-पंचमांशापासून तीन-पंचमांशापर्यंतच्या श्रमांना आजचे तज्ज्ञ मध्यम व्यायाम म्हणतात, आणि सामान्य माणसानें येथूनच आरंभ करावा असें सांगतात. म्हणजे सुश्रुताचें 'अर्धें बळ' आजच्या मध्यमाच्या ऐन मध्यावर येऊन बसतें! आज डॉक्टर आणखीहि एक सोपी खूण सांगतात. चालतां चालतां बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतका श्रम मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो तीव्र. ही खूण आणि सुश्रुताची खूण सख्ख्या बहिणी आहेत. प्राचीनांना सर्व कांहीं ठाऊक होतें, असा याचा अर्थ मी करीत नाहीं. त्यांनीं ठोके मोजले नव्हते. परंतु त्यांनीं माणसाकडे लक्षपूर्वक पाहिलें होतें.

आतां त्या तरुणाचा आंकडा घेऊं. वय २२, म्हणून कमाल सुमारें १९८. स्वस्थ नाडी ६० धरली तर शिल्लक १३८. १७८ वर पोंचतांना त्यानें त्यांतले ११८ ठोके खर्च केले. म्हणजे सोळा आण्यांपैकीं जवळजवळ चौदा आणे. हें धोक्याचें काय? निरोगी, सरावलेल्या तरुणाला थोडा वेळ इतका श्रम बाधत नाहीं. हृदय हाहि स्नायूच आहे. श्रमानें तें जलद चालणें हा त्याचा धर्म आहे. वाढलेल्या ठोक्यांना भिऊन खुर्चींत बसून राहणें हें तर अधिकच घातक. लंडनमधील जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, दुमजली बसगाड्यांत दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षां बसून गाडी हांकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार अधिक होतो.

घात करतात त्या गोष्टी निराळ्याच असतात. पहिली, सराव नसतां एकाएकीं केलेलें साहस. दुसरी, ताप अंगांत असतांना किंवा नुकताच उतरला असतांना केलेला श्रम. कारण कांहीं तापांत हृदयाच्या स्नायूलाहि सूज येते. तिसरी, उष्मा. आपल्या नागपुरांत वैशाखांत पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. त्या वेळीं हृदयाला स्नायूंना रक्त पुरवून शिवाय अंग थंड ठेवण्यासाठीं त्वचेलाहि पुरवावें लागतें. म्हणून त्याच चालीला नाडी अधिक जलद पडते. ऋतूप्रमाणें व्यायाम कमी करावा, हें वाग्भटाचें सांगणें नागपूरकरांनीं तरी विसरूं नये. चौथी, आंत दडलेला विकार. जिम फिक्स या अमेरिकन गृहस्थानें धांवण्यावर पुस्तक लिहून लाखों लोकांना धांवावयास लावलें; तोच १९८४ सालीं वयाच्या बावन्नाव्या वर्षीं धांवतांना हृदयविकारानें गेला. त्याचा बापहि त्रेचाळिसाव्या वर्षींच हृदयविकाराच्या झटक्यानें गेला होता. ज्यांच्या घराण्यांत असा इतिहास आहे, ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, किंवा ज्यांनीं चाळिशी ओलांडून नव्यानें आरंभ करावयाचा आहे, त्यांनीं आधीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें. रक्तदाबावरच्या कांहीं औषधांनीं नाडी चढतच नाहीं; अशा माणसाला घड्याळाचा आंकडा फसवितो आणि श्वासाची खूणच खरी ठरते. आणि छातींत दडपण, डाव्या हातांत वा जबड्यांत कळ, भोवळ, ठोके अनियमित पडणें, यांपैकीं कांहींहि जाणवलें तर आंकडा कितीहि असो, तत्क्षणीं थांबावें आणि वैद्यकीय मदत मागवावी.

त्या सकाळीं चालतां चालतां मीं त्या तरुणाला विचारलें, "किती दिवस धांवतो आहेस?" तो म्हणाला, "चार दिवस झाले, गुरुजी. पुढच्या महिन्यांत शर्यत आहे." मग मीं त्याला त्या नववीतल्या मुलाची गोष्ट सांगितली. तो स्तब्ध झाला. आतां तो आठवड्यांतून तीन दिवस सावकाश धांवतो, गप्पा मारतां येतील इतक्याच वेगानें. त्या वर्षाची शर्यत त्यानें सोडून दिली.

श्रोतेहो, नाडीचें घड्याळ वाईट नाहीं. मीहि तें वापरतों. परंतु घड्याळाला आपण काल तापानें फणफणलों होतों, हें ठाऊक नसतें. तें आपणांस आणि आपल्याजवळच्या माणसांना ठाऊक असतें. म्हणून घरांतल्या वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना आणि व्यायामशाळा चालविणाऱ्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, एखाद्या मुलानें धापा टाकीत "थांबूं का?" असें विचारलें, तर त्याला थांबूं द्या. त्याला सावलींत चालवा, पाणी द्या, चौकशी करा. शर्यत पुन्हां पुढच्या वर्षीं होतेच.